थंड कापायचं हॅम

नाताळच्या अंकासाठी इंग्लंडमधल्या मेजवानीवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा केक आणि टर्की सोडून माझं मन हॅमवर गेलं. तिथल्या कितीतरी घरांत नाताळच्या आदल्या दिवशी डुकराच्या खारवलेल्या मांडीचा मोठा तुकडा शिजतो. पुढचे दोन-तीन दिवस त्याचे थंड काप मोहरीच्या चटणीसोबत किंवा पावात घालून खाल्ले जातात. म्हणून विल्टशर परगणा गाठला, कारण इंग्रजी हॅमची आजची सौम्य चव तिथे घडली.

इतिहास थोडक्यात सांगतो. आयर्लंडहून ब्रिस्टॉलला उतरलेले डुकरांचे कळप पायी लंडनकडे जात. वाटेत काल्न गावी मुक्काम पडे. तिथल्या हॅरिस कुटुंबाने खारवणीचा धंदा उभा केला. १८४०च्या दशकातल्या आयरिश दुष्काळात डुकरं मिळेनाशी झाली, तेव्हा जॉर्ज हॅरिस अमेरिकेला गेला आणि बर्फाने गार ठेवलेल्या खोल्यांत मांस खारवण्याची युक्ती पाहून आला. तोवर खारवण हे थंडीतलं काम होतं; उन्हाळ्यात करायचं तर मिठाचा इतका मारा करावा लागे की जीभ भाजावी. गारव्यामुळे मीठ कमी झालं आणि काम बारमाही झालं. गावाचा हा कारखाना १९८२ साली बंद पडला. पद्धत मात्र तिच्या नावासकट टिकली.

मला खिळवून ठेवलं ते त्या पद्धतीतल्या पाण्याने. मीठ आणि सोरा घातलेल्या पाण्यात डुकराचं अर्धं धड काही दिवस बुडवतात, मग बाहेर काढून गारव्यात मुरवतात. पाणी फेकत नाहीत, त्यात मीठ वाढवून ते पुन्हा वापरतात, कारण ते जिवंत असतं. खारात तगणारे जिवाणू सोऱ्यातल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात. त्यातून निघालेला नायट्रिक ऑक्साइड मांसातल्या मायोग्लोबिनला चिकटतो आणि शिजल्यावरही तो गुलाबी रंग जात नाही. साधं डुकराचं मांस उकडलं तर करडं होतं. हॅम गुलाबी राहतं, ते यामुळे. जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाने १९०१ साली या रंगाचा उलगडा केला. जीवघेणं विष तयार करणाऱ्या बॉट्युलिनम जिवाणूलाही हेच नायट्राइट रोखून धरतं. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी हे कारण न कळता साधलं, याचं मला अजून नवल वाटतं.

घरी आणायचा तो कच्चा तुकडा, म्हणजे गॅमन. थंड कापांसाठी मांडीचा मधला भाग घ्यावा. खालचा, नळीकडचा भाग चवीला सरस, पण त्यात शिरा आणि हाड जास्त. सुरी सरळ चालत नाही. हाड काढून गुंडाळलेला तुकडा घेतलात तर सुतळी घट्ट आहे का ते पाहा, नाहीतर थंड झाल्यावर स्नायू एकमेकांपासून सुटतात आणि कापाचा चुरा होतो. वरची चरबी बोटभर तरी हवी. वेष्टनावरचं नाव शेवटपर्यंत वाचा: ५ टक्क्यांहून जास्त पाणी घातलेलं असेल तर ते नावातच छापावं लागतं. असा तुकडा पातेल्यात पांढरा फेस सोडतो आणि आकसतो.

विल्टशरमधल्याच स्विंडन शहरात गोव्याहून आलेल्यांची मोठी वस्ती आहे. तिथल्या एका घरी मी हे शिजवणं पाहिलं. घरच्या बाई माझगावात वाढलेल्या, माझ्याशी मराठीतच बोलत होत्या. दोन किलोंचा तुकडा थंड पाण्यात ठेवून त्यांनी पाण्याला एक उकळी आणली आणि ते पाणी ओतून टाकलं. कोरडं मीठ चोळून खारवलेला असता तर रात्रभर भिजत घातला असता, म्हणाल्या. मग ताजं पाणी, कांदा, गाजर, मिरे, तमालपत्र. आणि गॅस अगदी बारीक.

"बुडबुडा आला की मी कमी करते. पाणी हललं पाहिजे, उकळता कामा नये."

या हट्टामागे कारण आहे. ८० ते ८५ अंशांच्या पाण्यात तुकडा आतपर्यंत हळूहळू तापतो. खळाखळा उकळवलं तर बाहेरचे धागे आवळतात, रस पिळून निघतो आणि काप लाकडासारखे कोरडे होतात. दर ५०० ग्रॅमला २० मिनिटं आणि वर २० मिनिटं, असा हिशेब. दोन किलोंना १०० मिनिटं. पण खरा निवाडा थर्मामीटरचा. मध्यभागी ७० अंश दोन मिनिटं टिकले की झालं.

कठीण भाग इथून पुढे सुरू होतो, आणि पाककृतींत त्याला जेमतेम एक ओळ मिळते. जुनी रीत अशी की हॅम त्याच पाण्यात निवू द्यायचं, म्हणजे ते ओलसर राहतं. पण झाकलेल्या मोठ्या पातेल्यात दोन किलो मांस तासन्‌तास कोमट राहतं. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्सचे बीजाणू शिजवण्यातूनही वाचतात आणि चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या आसपास झपाट्याने वाढतात. म्हणून त्या बाई अख्खं पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवतात, अर्ध्या तासाने हॅम बाहेर काढतात आणि दीड-दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये टाकतात. थोडा ओलावा जातो. मला हा सौदा योग्य वाटतो.

कापायची घाई करायची नाही. रात्रभर गार झालेलं हॅमच लांब, पातळ सुरीने धाग्यांना आडवं नीट कापलं जातं. लागेल तेवढंच कापावं, कारण जितके काप तितका हवेला आणि हातांना उघडा पृष्ठभाग, आणि लिस्टेरिया तर फ्रीजच्या थंडीतही वाढतो. गरोदर बाईने, म्हाताऱ्या माणसाने जास्त जपावं.

आणि तो गुलाबी रंग. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगाला कारण ठरणाऱ्यांच्या पहिल्या गटात घातलं. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा तिचा अंदाज. ५० ग्रॅम म्हणजे दोन-तीन काप, एका सँडविचचा ऐवज. इटलीतलं पार्मा हॅम आज नुसत्या मिठावर मुरतं, पण त्याला वर्षाहून जास्त काळ लागतो आणि ते शिजवत नाहीत. इथे त्याचा उपयोग नाही. सणाला हे हॅम मी आवडीने खाईन. मुलांच्या डब्यात रोज मात्र घालणार नाही.

स्विंडनच्या त्या घरी ते वर्षातून दोनदाच होतं, नाताळला आणि ईस्टरला. तीन दिवसांत न संपणारे काप पहिल्याच दिवशी फ्रीझरमध्ये जातात. उरलेलं पाणी आधी चाखून बघायचं. फार खारट नसेल तर त्यात सुक्या हिरव्या वाटाण्याची डाळ शिजवून सूप करायचं, वरून मीठ न घालता.