सायकलस्वाराचा व्यायाम आणि बलार्धाचा विचार

जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठी वसलेले ओझर हे अष्टविनायकांपैकी श्रीविघ्नेश्वराचे क्षेत्र. तेथे येणाऱ्या यात्रेकरूंत अलीकडे एका नव्या वर्गाची भर पडली आहे. सुट्टीच्या दिवशी पहाटे अंधारातच पुणे सोडायचे, मोशीला इंद्रायणी, राजगुरुनगरला भीमा, कळंबला घोड आणि नारायणगावला मीना ओलांडून ओझर गाठायचे, दर्शन घ्यायचे आणि सायंकाळच्या आत घरी परतायचे, असा या सायकलस्वारांचा परिपाठ असतो. जाण्यायेण्याचे अंतर सुमारे १७० किलोमीटर भरते.

यांपैकी काहींच्या दृष्टीने ही यात्रा असते, तर काहींच्या दृष्टीने सराव. पोहणे, सायकल चालविणे व धावणे या तीन क्रिया सलग करावयाच्या ट्रायथलॉन स्पर्धेची ओढ आता आपल्याकडील नोकरदार व व्यावसायिक वर्गालाही लागली आहे. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकपासून या क्रीडाप्रकाराला ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले. तेथील अंतरे अनुक्रमे दीड, ४० व १० किलोमीटर अशी आहेत. १९७८ मध्ये हवाई बेटांवर सुरू झालेल्या ‘आयर्नमॅन’ स्पर्धेत तीच ३.८, १८० व ४२.२ किलोमीटर होतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये गोव्यात याच्या निम्म्या अंतराची स्पर्धा झाली आणि महाराष्ट्रातील हौशी मंडळींना ही संधी घराजवळ मिळाली. ओझरची फेरी म्हणजे पूर्ण स्पर्धेतील सायकलच्या टप्प्याची जवळजवळ रंगीत तालीमच होय.

या छंदात वैद्यकीय व्यावसायिकही मागे नाहीत. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका खंड आडवा ओलांडणारी सुमारे ४८०० किलोमीटरची ‘रॅम’ शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये तीच शर्यत एकट्याने पार केली. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय असे विक्रमवीर नाहीत. आठवडाभर संगणकासमोर बसणारा, पहाटे चारला उठून सराव करणारा, बहुधा प्रशिक्षक नसलेला आणि गुडघा दुखू लागला की जवळच्या वैद्याकडे किंवा थेट औषधाच्या दुकानात जाणारा चाळिशीतील हौशी स्पर्धक हा आपला विषय आहे. त्याला आपण काय द्यावे आणि काय देऊ नये, याचा येथे विचार करावयाचा आहे.

बलार्ध म्हणजे नेमके किती?

व्यायामाने लाघव, कर्मसामर्थ्य व दीप्ताग्नी प्राप्त होतो हे आपण सारे जाणतो. त्याचबरोबर बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्या पुरुषानेही व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा, असा आपल्या आचार्यांचा दंडक आहे. अतिव्यायामाने तृष्णा, क्षय, प्रतमक श्वास, रक्तपित्त, श्रम, क्लम, कास, ज्वर व छर्दी हे विकार उद्भवतात असे वाग्भटाचार्य सांगतात. हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाचा दृष्टांतही सर्वपरिचित आहे. चरकाचार्यांनी तर एक पाऊल पुढे जाऊन, व्यायाम, प्रवास व जागरण यांची सवय असली तरीही अतिमात्रेने सेवन करू नये, असे बजावले आहे. ‘मला सवय आहे’ हे प्रत्येक सायकलस्वाराच्या तोंडचे वाक्य असते. त्याचे उत्तर संहितेने आधीच देऊन ठेवले आहे.

बलार्ध ओळखावे कसे? हृदयातील वायू मुखाकडे येऊ लागणे, म्हणजे तोंडाने श्वास घ्यावा लागणे, हे सुश्रुतोक्त लक्षण आहे. ललाट, नासिका, कक्षा व सांधे यांवर घाम येणे आणि मुखशोष होणे ही त्याच्या जोडीची लक्षणे होत. हृदयगती मोजणारे घड्याळ मनगटावर नसले तरी चालेल, अशी ही कसोटी आहे. आजचे प्रशिक्षकही सरावाचा बहुतांश भाग सोबत्याशी सलग बोलता येईल इतक्याच गतीने करावयास सांगतात. दोन्ही उपदेशांचे तात्पर्य एकच.

स्पर्धेच्या दिवशी मात्र बलार्धाची मर्यादा ओलांडली जाणारच, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. तेव्हा स्पर्धा हा अपवाद राहावा आणि दररोजचा सराव त्या अपवादासारखा होऊ नये, एवढे पाहणे वैद्याच्या हाती आहे. बल वाढते तसे बलार्धही वाढते. परंतु ते हळूहळू वाढवावयाचे असते. हितकर गोष्टींचा अभ्यास चतुर्थांशाच्या क्रमाने करावा, हा चरकोक्त पादांशिक क्रम येथे तंतोतंत लागू पडतो. गेल्या आठवड्यात ६० किलोमीटर सायकल चालविलेल्याने या आठवड्यात एकदम १७० किलोमीटर करणे म्हणजे व्याधीला आमंत्रण देणेच होय.

ऋतूचाही विचार हवा. व्यायामास हेमंत, शिशिर व वसंत हे ऋतू प्रशस्त मानले आहेत. ग्रीष्मात व्यायाम व आतप टाळावा, आणि वर्षा ऋतूतही आयास वर्ज्य सांगितला आहे. ऑक्टोबरातील स्पर्धेसाठी कठोर सराव नेमका वर्षा व शरद ऋतूंत येतो. अग्नी मंद आणि पुढे पित्ताचा प्रकोप अशा स्थितीत शरीर झिजविले जाते. अशा रुग्णाची स्पर्धा कधी आहे हे विचारून, शक्य तर हिवाळ्यातील स्पर्धा निवडण्याचा सल्ला द्यावा. ते शक्य नसल्यास पावसाळ्यात लघु, उष्ण व स्निग्ध आहाराची आणि पुरेशा निद्रेची अट घालावी.

आधी सायकल पाहावी, मग रुग्ण

जानुशूल घेऊन आलेल्या सायकलस्वाराला योगराज गुग्गुळ व तेल देऊन पाठविणे सोपे आहे. परंतु निदानपरिवर्जन झाले नाही तर दोन आठवड्यांनी तो पुन्हा येणारच. या वर्गातील बहुसंख्य तक्रारींचा हेतू सायकलच्या मापांत दडलेला असतो. गुडघ्याच्या पुढील भागी वेदना असेल तर सीट बहुधा खाली असते. मागील भागी असेल तर ती प्रमाणाबाहेर उंच असते. पेडल अगदी खाली असताना गुडघा साधारण २५ ते ३५ अंश वाकलेला असावा. मान, पाठ व कटी दुखत असल्यास हँडल फार दूर अथवा फार खाली आहे काय, ते पाहावे. शक्य असल्यास रुग्णाला सायकल घेऊन येण्यास सांगावे आणि तिच्यावर बसवून निरीक्षण करावे. दर्शन परीक्षेचाच हा एक प्रकार होय.

हाताची करंगळी व अनामिका बधिर होणे ही आणखी एक नित्याची तक्रार. तळहाताच्या करंगळीकडील बाजूवर शरीराचा भार दीर्घकाळ पडला की तेथील नाडी दाबली जाते. हाताची स्थिती वारंवार बदलणे, हातमोजे वापरणे आणि हँडल किंचित उंच करणे हाच येथे प्रथमोपचार होय.

बैठकीच्या जागेची बधिरता मात्र रुग्ण संकोचाने सांगत नाही. ती वैद्यानेच विचारावी. वंक्षण व वृषण यांच्यामधील विटप मर्माच्या आघाताने षांढ्य व अल्पशुक्रता येते असे सुश्रुताचार्यांनी सांगितले आहे. अरुंद व टोक वर आलेल्या सीटमुळे याच प्रदेशावर तासन्‌तास दाब पडतो. लक्षण दिसताच वाजीकरण कल्पाकडे न वळता सीट बदलावी, तिचे टोक समतल करावे, दर दहा-पंधरा मिनिटांनी पेडलवर उभे राहून दाब हलका करावा आणि बधिरता जाईपर्यंत सायकल बंद ठेवावी.

घर्षणाने होणाऱ्या व्रणांसाठी शतधौत घृत व जात्यादी तैल उपयुक्त आहेतच. परंतु ओली चड्डी उतरताच बदलणे व ती रोज धुणे याला पर्याय नाही. अभ्यंग हा श्रमहर व वातहर खरा. तो सरावानंतर, विश्रांतीच्या वेळी करावा. सायकलवर बसण्यापूर्वी तळहाताला तेल लावू नये. मूठ निसटते, आणि तेलाचा हात ब्रेकच्या चकतीला लागला तर ब्रेक लागत नाही.

श्रमहर दहा द्रव्ये आणि पाण्याचे प्रमाण

चरकाचार्यांच्या श्रमहर महाकषायात द्राक्षा, खर्जूर, प्रियाल, बदर, दाडिम, फल्गू, परूषक, इक्षू, यव व षष्टिक ही द्रव्ये आहेत. त्यांतील बहुतेक खाद्यपदार्थ आहेत, हे लक्षणीय होय. महागड्या पुड्यांतून जी शर्करा सायकलस्वार विकत घेतो, ती मनुका, खजूर व अंजीर यांतून सहज मिळते. जुन्नर-नारायणगावचा परिसर तर द्राक्षे व उसासाठीच ओळखला जातो. लांबच्या फेरीत दर तासाला मूठभर मनुका अथवा तीन-चार खजूर हा उत्तम पाथेय आहे. मधुमेही स्वाराला मात्र हा सल्ला त्याची औषधे व रक्तशर्करा पाहूनच द्यावा.

पाण्याबाबत दोन्ही टोके घातक आहेत. कमी पाण्याने मूर्च्छा व पेटके येतात. उलट तासन्‌तास केवळ साधे पाणी अतिप्रमाणात प्याल्यास रक्तातील सोडियम उतरून शिरःशूल, छर्दी, संभ्रम व प्रसंगी प्राणसंकट ओढवते. तहानेप्रमाणे प्यावे आणि घामातून गेलेले लवण भरून काढावे. सैंधव घातलेले ताक वा लिंबू-सरबत उत्तम. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यासाठीच्या जलसंजीवनीत मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम व ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. औषधविक्रेत्यांनी पुडीवर ही मात्रा आहे काय ते पाहून मगच ती द्यावी. गोड फळपेय जलसंजीवनी म्हणून देऊ नये.

औषध देताना

महामार्गालगतच्या दुकानांत घामाघूम सायकलस्वार वेदनाशामक गोळी मागतो. जलक्षय झालेल्या शरीरात आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या वृक्कांना अपाय करू शकतात. गोळीपेक्षा सावलीत बसविणे व लवणजल देणे अधिक हितकर आहे.

आयुर्वेदीय कल्पांबाबतही तितकीच सावधगिरी हवी. स्पर्धकाच्या शरीरात निषिद्ध द्रव्य आढळले, तर ते कोठून आले हे त्याला माहीत नसले तरी दायित्व त्याचेच मानले जाते. राष्ट्रीय डोपिंगविरोधी कायदा भारतात २०२२ मध्ये संमत झाला आहे. निषिद्ध यादीत स्ट्रिक्निन आहे, आणि ते आपल्या कुचल्यात असते. विषतिंदुक वटी, अग्नितुंडी वटी व नवजीवन रस हे कल्प शोधित कुचल्याचे असले तरी त्यातील हे द्रव्य निःशेष जात नाही. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन विजेत्या टॉमस हिक्सला वाटेत स्ट्रिक्निन पाजले होते, तेव्हा त्याला बंदी नव्हती, आज आहे. सोमलतेच्या नावाने विकल्या जाणाऱ्या एफेड्रातील एफेड्रिन आणि जातिफलादी चूर्णातील भांग यांनाही स्पर्धाकाळात मज्जाव आहे.

२०१७ पासून हायजेनामिन हे द्रव्य यादीत नामोल्लेखाने आले आणि ते सर्वकाळ निषिद्ध आहे. वत्सनाभाच्या कुळातील काही वनस्पतींत ते आढळते. म्हणून त्रिभुवनकीर्ती वा आनंदभैरव देताना रुग्ण स्पर्धक आहे काय, हे विचारावे. गुडूचीशी साम्य असलेल्या टिनोस्पोरा क्रिस्पा या वेलीतही ते असते. म्हणजे कच्च्या द्रव्याची ओळख चुकली तर निरुपद्रवी गुळवेल-काढाही एखाद्याची वर्षभराची मेहनत वाया घालवू शकतो. द्रव्यनिश्चिती ही आपली जुनीच शिस्त; येथे ती न्यायाचीही बाब होते. लेबल व बॅच क्रमांक नसलेले ‘वातावरील’ चूर्ण तर अशा ग्राहकाला कदापि देऊ नये. अशा चूर्णांत स्टेरॉइड मिसळल्याची उदाहरणे आपणांस नवी नाहीत.

धोक्याची लक्षणे आणि आगंतु कारणे

सराव असलेल्या स्पर्धकाची नाडी विश्रांतीत मिनिटाला पन्नासच्याही खाली असू शकते. लक्षणे नसतील तर केवळ तेवढ्यावरून व्याधी ठरवू नये. मात्र श्रमाच्या वेळी छातीत दुखणे, भोवळ, अकारण धडधड यांपैकी काहीही असल्यास पुढील तपासणीवाचून व्यायामास अनुमती देऊ नये. दीर्घ श्रमानंतर मूत्र काळसर-तांबडे होणे हे मांसधातूच्या नाशाचे लक्षण असू शकते. अशा रुग्णास घरगुती मूत्रल काढा देत न बसता तत्काळ रुग्णालयात पाठवावे. डोक्याला मार लागला असेल तर स्वार ‘ठीक आहे’ म्हणाला तरी पाठवावेच.

ओझरच्या वाटेवर आगंतु कारणेही कमी नाहीत. चाकणची अवजड वाहतूक, हंगामात उसाने भरलेल्या, मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या आणि उसाच्या शेतांत वावरणारे बिबटे यांमुळे अंधारात एकट्याने या वाटेला जाणे योग्य नव्हे. पुढे पांढरा, मागे तांबडा दिवा, शिरस्त्राण व सोबती ही याबाबतची चतुःसूत्री होय.

सारांश, हा रुग्ण आजारी म्हणून नव्हे तर अधिक समर्थ होण्याच्या इच्छेने आपल्याकडे येतो. स्वस्थाच्या स्वास्थ्याचे रक्षण हे आयुर्वेदाचे पहिले प्रयोजन असल्यामुळे त्याचा आपल्यावर विशेष अधिकार आहे. त्याच्या केसपेपरवर ‘सायकल-सीटची उंची’, ‘स्पर्धेची तारीख’ व ‘चालू असलेली सर्व औषधे’ असे तीन रकाने वैद्याने वाढवावेत, आणि ‘आपण स्पर्धेत भाग घेता काय?’ हा एक प्रश्न औषधविक्रेत्याने विचारावा. यासाठी कोणताही नवा कल्प लागत नाही. बलार्धाचा जुना नियम त्याला पटवून दिला, तर तो पन्नाशीतही ओझरला सायकलवर जाईल आणि सुखरूप घरी येईल.