होडीचे इंजिन अडखळत का चालते? दोष शोधण्याची क्रमवार रीत

कोकणच्या किनारपट्टीवर पावसाळ्यात भातशेती आणि एरवी खाडीत अथवा किनाऱ्यालगत मासेमारी असा दुहेरी उद्योग करणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांच्या लहान होड्यांवर पूर्वी शीड व वल्ही हीच साधने असत. आता होडीच्या मागील फळीस बाहेरून अडकविण्याचे 'आऊटबोर्ड' इंजिन सर्रास दिसते. हे इंजिन सुरू होते, परंतु एकसारखे चालत नाही; मध्येच दबते आणि मध्येच उसळते, ही त्याबाबतची नेहमीची तक्रार होय.

ही तक्रार क्षुल्लक समजू नये. खाडीच्या मुखाशी, जेथे लाटा फुटतात, तेथे इंजिन बंद पडल्यास होडी लाटेला आडवी होते व उलटण्याचा धोका उत्पन्न होतो. दुसरे असे की, दोष न शोधता एकामागून एक सुटे भाग बदलीत गेल्यास हंगामाची कमाई दुरुस्तीत जाते. वास्तविक पुष्कळ वेळा दोष टाकीच्या झाकणात, इंधनातील पाण्यात किंवा जुन्या प्लगमध्ये असतो. म्हणून तपासणी सोप्या गोष्टीपासून अवघड गोष्टीकडे करावी आणि एका वेळी एकच बदल करून त्याचा परिणाम पाहावा.

प्रथम निरीक्षण

इंजिन नीट चालण्यास पाच गोष्टी लागतात : स्वच्छ इंधन, योग्य प्रमाणात हवा, वेळेवर पडणारी ठिणगी, सिलिंडरातील पुरेसा दाब आणि इंजिन थंड ठेवणारे पाणी. यांपैकी कोणती कमी पडते याचा अंदाज इंजिन केव्हा अडखळते यावरून बांधता येतो. सुरुवातीस चांगले चालून दहा-पंधरा मिनिटांनी दबत असेल, तर टाकीत हवा शिरण्याची वाट बंद असण्याचा संभव असतो. केवळ मंद गतीत अडखळत असेल, तर कार्ब्युरेटरमधील बारीक छिद्रे तुंबलेली असू शकतात. केवळ पूर्ण वेगात दम तुटत असेल, तर इंधनाचा पुरवठा अपुरा असतो. सर्वच गतींत इंजिन थरथरत असेल व जोर निम्मा झाला असेल, तर दोन सिलिंडरांपैकी एक काम करीत नाही असे समजावे.

इंधन व त्याची वाट

टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू उघडा आहे की नाही हे सर्वांत आधी पाहावे. तो बंद राहिल्यास टाकीतील इंधन जसजसे कमी होते तसतशी आत पोकळी निर्माण होऊन इंधन ओढले जात नाही. झाकण सैल करताच हवा आत शिरल्याचा आवाज झाला व इंजिन सुधारले, तर दोष सापडला.

त्यानंतर नळीवरील रबरी हातपंप तपासावा. इंजिन दबत असताना तो हाताने दाबला असता इंजिन सुधारत असेल, तर इंधन पुरेसे पोहोचत नाही हे निश्चित होते. पंप चपटा होऊन तसाच राहत असेल, तर टाकीकडील बाजूस अडथळा आहे. कितीही दाबून तो घट्ट होत नसेल, तर टाकीकडील सांध्यातून हवा ओढली जात असावी किंवा पंपातील झडप बिघडली असावी. नळी भेगाळली असल्यास बदलावी व गाळणी साफ करावी.

पुढची तपासणी इंधनाची. टाकीच्या तळाचे थोडे इंधन पारदर्शक काचेच्या बाटलीत घेऊन स्थिर ठेवावे. तळाशी वेगळा थर अथवा थेंब दिसल्यास त्यात पाणी आहे. याविषयी आता अधिक दक्षता हवी. २०२३ सालापासून देशात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री सुरू झाली. इथेनॉल पाणी शोषून घेते. पाण्याचे प्रमाण वाढले म्हणजे इथेनॉल व पाणी मिळून तळाशी बसतात आणि वंगण तेल वरच्या पेट्रोलात राहते. टाकीची नळी तर तळातूनच ओढते. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण इंधनातूनच मिळत असल्यामुळे असे तेलविरहित पाणी आत गेल्यास इंजिन अडखळते. इतकेच नव्हे, तर पिस्टन जाम होऊन मोठे नुकसान होऊ शकते. असे इंधन ढवळून पुन्हा वापरू नये. टाकी रिकामी करून धुवावी व नवे इंधन भरावे.

तेलाचे प्रमाणही काटेकोर असावे. पुष्कळ टू-स्ट्रोक इंजिनांसाठी ५० भाग पेट्रोलास १ भाग तेल, म्हणजे १० लिटरला २०० मिलिलिटर, हे प्रमाण सांगितलेले असते. तथापि आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेतील प्रमाण हेच प्रमाण मानावे. तेल जास्त झाल्यास प्लग काजळतो. कमी झाल्यास पिस्टन घासतो. तेल पाण्याने थंड होणाऱ्या आऊटबोर्ड इंजिनासाठी असलेलेच घ्यावे. फोर-स्ट्रोक इंजिनाच्या पेट्रोलात मात्र तेल मिसळावयाचे नसते.

रॉकेलवर चालणारी इंजिने पेट्रोलवर सुरू करून तापल्यानंतरच रॉकेलवर घ्यावीत आणि बंद करण्यापूर्वी पुन्हा थोडा वेळ पेट्रोलवर चालवावीत. रॉकेलवर फार वेळ मंद गतीत चालविल्यास प्लग काजळतात व इंजिन अडखळू लागते.

स्पार्क प्लग

इंजिन बंद करून दोन्ही प्लग काढावेत व कोणता कोणत्या सिलिंडराचा हे लक्षात ठेवावे. टोक फिकट तपकिरी असणे हे निरोगीपणाचे लक्षण होय. कोरडी काजळी असल्यास हवेच्या मानाने इंधन जास्त जात आहे. टोक ओले असल्यास त्या सिलिंडरात इंधन पेटत नाही. टोक पांढुरके व भाजल्यासारखे असल्यास इंधन कमी पडत आहे किंवा इंजिन अति तापत आहे.

एकच प्लग खराब दिसत असेल, तर दोहोंची अदलाबदल करून पाहावी. दोष प्लगबरोबर दुसऱ्या सिलिंडरात गेला, तर प्लग बदलावा. तो पहिल्याच सिलिंडरात राहिला, तर प्लगची तार, कॉइल किंवा त्या सिलिंडराचा दाब तपासणे आवश्यक आहे. हे काम कारागिराकडे द्यावे. चालू इंजिनाच्या प्लगची तार हाताने ओढून पाहण्याची सवय घातक आहे. त्यामुळे जोराचा विजेचा धक्का बसतो आणि विद्युत भागही निकामी होऊ शकतात. इंधनाचे काम चालू असता विडी, कंदील वा ठिणगी जवळ नसावी.

कार्ब्युरेटर

इंधन स्वच्छ आहे, प्लग चांगले आहेत, तरीही इंजिन दबते, अशा वेळी चोक किंचित ओढून पाहावा. त्याने इंजिन सुधारले, तर मिश्रणात इंधन कमी व हवा जास्त आहे. म्हणजे छिद्रे तुंबली आहेत किंवा कोठून तरी जादा हवा शिरत आहे. उलट ते अधिकच गुदमरून काळा धूर सोडू लागले, तर मिश्रण इंधनाने आधीच जड आहे. चोक अर्धवट अडकला आहे का ते पाहावे. छिद्रे साफ करताना तार वा टाचणी घालू नये, कारण छिद्र मोठे झाल्यास प्रमाण कायमचे बिघडते. योग्य द्रावणाने धुऊन हवेच्या झोताने ती मोकळी करावीत.

थंड करणारे पाणी व पंखा

इंजिन चालू असता त्यातून पाण्याची बारीक धार बाहेर पडली पाहिजे. धार क्षीण झाल्यास इंजिन ताबडतोब बंद करून वाळू, शेवाळ अथवा प्लॅस्टिकने पाण्याचे तोंड बुजले आहे काय ते पाहावे. पाणी ओढणारे रबरी चक्र झिजले असल्यास बदलून घ्यावे. इंजिन पाण्याबाहेर कोरडे कधीही चालवू नये. किनाऱ्यावर तपासणी करणे झाल्यास पिंपात पाणी भरून करावी.

काही वेळा दोष इंजिनात नसून पंख्यात असतो. इंजिन वेगाने फिरते पण होडी पुढे सरत नाही, अशा वेळी पंख्याची पिन तुटलेली असते किंवा आतील रबर निसटलेले असते. पाते वाकल्यास अथवा जाळ्याचा दोरा गुंडाळला गेल्यास थरथर होते. पंख्याला हात लावण्यापूर्वी इंजिन बंद करून प्लगच्या तारा काढून ठेवाव्यात.

निगा

खाऱ्या पाण्यातून परतल्यावर सुमारे दहा मिनिटे गोडे पाणी इंजिनातून फिरवावे. जून व जुलै महिन्यांतील मासेमारीबंदीच्या काळात इंजिन ठेवून द्यावयाचे असल्यास टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करावेत. शिळे इंधन हेच पुष्कळदा नव्या हंगामातील पहिल्या बिघाडाचे मूळ असते. इंजिन समुद्रात पडल्यास ते गोड्या पाण्याने धुवावे, प्लग काढून आतील पाणी निथळवावे व त्याच दिवशी कारागिराकडे न्यावे. उशीर झाल्यास गंज धरतो.

होडीत दोन जादा प्लग, प्लगचा पाना, पंख्याची पिन व सुरू करण्याची जादा दोरी ठेवावी. वल्ही, नांगर आणि प्रत्येकासाठी जीवरक्षक जाकीट यांना इंजिन हा पर्याय नव्हे. इंजिन अडखळत असल्यास दोष सापडेपर्यंत खाडीचे मुख ओलांडू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी एखाद्या धक्क्यावर नौकाधारकांना एकत्र करून बाटलीतील इंधनाची परीक्षा, रबरी पंपाची परीक्षा आणि प्लगची अदलाबदल ही तीन प्रात्यक्षिके करून दाखवावीत. या तीन परीक्षांस एक प्लगचा पाना व एक काचेची बाटली यांपलीकडे साधन लागत नाही.