तंबाखू सुटते, टपरी सुटत नाही

तीन महिने तंबाखूला हात न लावलेला माणूस टपरीवर चहाला थांबतो. शेजारचा तळहातावर तंबाखू-चुना मळतो, वरून टाळी मारून भुकटी झटकतो. तो आवाज कानावर पडतो आणि पुढच्याच मिनिटाला याचाही हात पुढे होतो. घरी कळलं की ठरलेलं वाक्य येतं, 'मनावरच घेतलं नाही त्याने.' मनावर त्याने घेतलेलं असतं. अडचण मेंदूतल्या एका फार जुन्या यंत्रणेची असते.

खाण्यापिण्यासारखी जगायला लागणारी कामं आपण पुन्हापुन्हा करावीत, यासाठी मेंदूत 'रिवॉर्ड सिस्टीम' आहे. तिचा सुगावा कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांना लागला. त्यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवली. दांडी दाबली की तिथे विजेचा सौम्य झटका मिळे. उंदीर तासाला शेकडो वेळा दांडी दाबू लागले! हे निष्कर्ष १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले.

या यंत्रणेचं मुख्य रसायन डोपामाइन. त्याला 'आनंदाचं रसायन' म्हणायची सवय पडली आहे, पण ते अर्धवट खरं. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी डोपामाइन जवळपास नाहीसं केलेले उंदीर तपासले. तोंडात साखरेचं पाणी सोडलं की ते पूर्वीसारखेच ओठ चाटत. मात्र समोरचं अन्न खायला आपणहून जात नसत. गोडी शाबूत होती, ओढ गेली होती. डोपामाइन मुख्यतः या ओढीचं रसायन आहे.

व्यसनात नेमकं उलट घडतं. मजा कमी होत जाते, ओढ वाढत जाते. 'आता काही वाटत नाही, पण घेतल्याशिवाय राहवत नाही,' असं व्यसनी माणूस सांगतो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो.

कोकेन, हेरॉइन, दारू यांचे मार्ग निरनिराळे, पण पोहोचतात सगळे याच यंत्रणेत. तंबाखूतलं निकोटिन मेंदूतल्या ठरावीक रिसेप्टरना चिकटतं आणि डोपामाइन वाढवतं. चुना कशासाठी, हेही इथे समजतं. तो तंबाखू अल्कधर्मी करतो, त्यामुळे निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून भराभर रक्तात जातं. धूर तर काही सेकंदांतच निकोटिन मेंदूत पोहोचवतो. रोजच्या माऱ्याने हे रिसेप्टर वाढतात. निकोटिन थांबलं की चिडचिड, अस्वस्थता, झोपेच्या तक्रारी सुरू होतात. पहिले काही दिवस सर्वांत कठीण, मग दोन-चार आठवड्यांत त्रास ओसरतो.

राहते ती खुणांची आठवण. शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं, की सवय झाल्यावर डोपामाइनच्या पेशी रस मिळताना नव्हे, तर रसाची सूचना देणारी खूण दिसताच पेटतात. टपरीवरची ती टाळी ही अशीच खूण. सकाळी मिश्री लावणाऱ्या बाईसाठी ती डबी किंवा नुसती पहाटही असू शकते.

म्हणून सोडणाऱ्याला पहिले काही महिने चहाची जागा बदलायला सांगतात. तल्लफ बहुधा काही मिनिटांत उतरते, तेवढा वेळ काढायचा असतो. निकोटिनचं च्युइंगगम किंवा डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं त्रास कमी करतात. राष्ट्रीय क्विटलाइनचा १८००-११-२३५६ हा क्रमांक मोफत आहे. पुन्हा घसरलेल्यांनीही तो फिरवावा, कारण एका प्रयत्नात सुटणारे थोडेच असतात.