फुर्रर्र करून प्या, मग बोला!

तुमच्या घरी कॉफी कधी होते, जरा आठवून बघा. परीक्षेच्या आदल्या रात्री, घसा बसल्यावर, नाहीतर मुंबईचे पाहुणे आल्यावर. दोन रुपयांची पुडी, कपभर दूध, तीन चमचे साखर, झाली कॉफी. आपल्या लोणखेडा-शहाद्याकडे चहा रोजचा आणि कॉफी कधीमधी. त्यामुळे ‘कॉफी टेस्टिंग वर्कशॉप, रविवारी सकाळी, लोणखेड्यात’ असा मेसेज तुम्हाला आला असता तर तुम्हीही आधी हसणारी इमोजीच टाकली असती. आमच्या ग्रुपवर तशा सतरा पडल्या.

पण गेलो. एका घराची गच्ची, सतरंजी आणि अकरा जण. वर्कशॉप घेणारा दादा इथलाच. शिकायला पुण्याला गेला आणि तिथे रोस्टरीत, म्हणजे कच्ची कॉफी भाजून विकतात तिथे, कामाला लागला. ‘नाव छापू नको, मालकाला वाटेल मी साइड बिझनेस करतोय,’ असं त्याने बजावलंय, म्हणून तो या लेखात नुसता दादा. वर्गणी शंभर रुपये. पुण्या-मुंबईत याच गोष्टीचे हजाराच्या वर घेतात म्हणे.

आता तुम्ही म्हणाल, कॉफी प्यायची त्यात वर्कशॉप कसलं? तर यात कॉफी प्यायची नसतेच. चाखायची आणि थुंकायची. याला कपिंग म्हणतात आणि जगभर कॉफीचे व्यापारी माल घेण्याआधी हेच करतात. जाडसर दळलेली सव्वाआठ ग्रॅम कॉफी, त्यावर दीडशे मिली पाणी, उकळी थांबून जरा निवलेलं, साधारण ९३ अंश. दूध नाही, साखर नाही. चार मिनिटं हात लावायचा नाही. तोवर वर पावडरीची साय धरते. मग नाक अगदी वाटीजवळ नेऊन चमच्याने ती साय फोडायची. इथे जो वास येतो ना, तो पुडीवाल्या कॉफीला कधीच येत नाही. आमच्याकडे कपिंगचे बाऊल नव्हते, घरच्या स्टीलच्या वाट्या चालल्या. काटा मात्र सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल होता.

मग खरी गंमत. चमच्यातली कॉफी जोरात ओढायची, फुर्रर्र! लहानपणी बशीतून चहा असा ओढला म्हणून पाठीत धपाटा खाल्लेले आम्ही, आता सांगून-सवरून तेच करत होतो. त्यामागे कारण आहे: जोरात ओढली की कॉफीचे बारीक थेंब तोंडभर उडतात आणि वास आतल्या बाजूने नाकात चढतो. चवीचा मोठा भाग नाकातच कळतो. सर्दी झाल्यावर जेवण बेचव का लागतं, त्याचं उत्तरही हेच.

समोर चार वाट्या होत्या. चिकमगळूरची धुतलेली अरेबिका, अराकू खोऱ्यातली फळासकट वाळवलेली अरेबिका, कोडगूची रोबस्टा आणि चौथी किराणा दुकानातली पुडी. कोणत्या वाटीत काय आहे ते आधी सांगितलं नाही. कागदावर चव लिहायची होती आणि गाडी तिथेच अडली. दादाने मोबाइलवर चवींचं एक गोल चक्र दाखवलं. त्यात ब्लूबेरी, जास्मिन, मेपल सिरप. आता ब्लूबेरी आमच्यापैकी कुणी खाल्लीय? दादा म्हणाला, ‘चक्र सोडा, तुम्ही काय काय खाल्लंय ते आठवा.’ आणि कागद भरायला लागले. करवंद. पिकलेलं जांभूळ. गुऱ्हाळातल्या काहिलीचा वास. भाजलेले शेंगदाणे, थोडे करपलेले. एक जण पहिली वाटी चाखून ओरडलाच, ‘हाई ते आमचूर शे!’ सगळे हसले. दादा मात्र हसला नाही. म्हणाला, बरोबर आहे. लिंबात असतं ते सिट्रिक आणि सफरचंदात असतं ते मॅलिक आम्ल कॉफीतही असतं आणि चांगल्या अरेबिकात हा आंबटपणा हवाच असतो. आपण कॉफी म्हणजे कडू असं धरून चालतो, म्हणून आंबट लागलं की बिघडली असं वाटतं. आणखी एक करून बघा: वाटी निवू द्या आणि दहा मिनिटांनी पुन्हा चाखा. गरम असताना लपलेल्या चवी गार झाल्यावर बाहेर येतात. तिसऱ्या वाटीतली रोबस्टा गार झाल्यावर सरळ ओल्या लाकडासारखी लागली. (रोबस्टाप्रेमींनी रागावू नये. तिच्यात कॅफीन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असतं, अभ्यासाला तीच बरी.)

चौथी वाटी सगळ्यांनी ओळखली. दादाने तिचं पाकीट उलटं करून वाचायला दिलं. घरी जाल तेव्हा तुम्हीही वाचा. चिकोरी किती टक्के, ते तिथे छापलेलं असतं. चिकोरी म्हणजे एका झाडाचं मूळ, भाजून दळलेलं. कॉफीशी तिचं काही नातं नाही. नियमाप्रमाणे अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के हवी. म्हणजे उरलेलं जवळपास निम्मं पाकीट चिकोरीचं असलं तरी कायद्याने चालतं.

इथवर सगळं मजेत चाललं होतं. मग दादाने विचारलं, पहिली आणि दुसरी, दोन्ही अरेबिकाच, तरी इतक्या वेगळ्या का लागतात? आमची उत्तरं: भाजणं, माती, हवा. सगळी थोडी थोडी बरोबर. त्याचं उत्तर मात्र फळाच्या सालीपासून सुरू झालं. कॉफी हे लाल फळ असतं, बोरापेक्षा लहान, आत दोन बिया. पहिल्या वाटीतल्या कॉफीचं साल काढून, गर आंबवून, धुऊन बिया वाळवलेल्या. दुसरीचं अख्खं फळच दोन-तीन आठवडे उन्हात वाळवलेलं. धडगावकडे उन्हाळ्यात कैरीच्या फोडी वाळत घातलेल्या पाहिल्या असतील, तसंच, हलवत, उलथत राहायचं. गर बीवरच सुकतो, म्हणून जांभळासारखी चव. धुतलेली कॉफी चवीला स्वच्छ, पण तिला पाणी फार लागतं आणि ते आंबूस, गराचं पाणी तसंच ओढ्यात सोडलं तर ओढ्याचं काय होतं, हे साखर कारखान्यांच्या पट्ट्यात वाढलेल्यांना वेगळं सांगायला नको. म्हणजे स्वच्छ चवीची कॉफी स्वच्छ असेलच असं नाही. मला ही गोष्ट त्या सकाळी सगळ्यात जास्त खटकली.

पुढचा मुद्दा सावलीचा. अरेबिका मूळची इथिओपियाच्या डोंगरी जंगलातली, मोठ्या झाडांखाली वाढणारी. ब्राझीलमध्ये बऱ्याच ठिकाणी ती मोकळ्या उन्हात, ओळीत, मशीनने तोडता येईल अशी लावतात. भारतात मात्र ती अजून बहुतेक सावलीतच आहे: वर उंच झाडं, खाली पांगाऱ्याच्या कुळातली झाडं, खोडांवर मिरीचे वेल आणि त्याखाली कॉफी. सावलीत उत्पन्न कमी येतं, फळ हळू पिकतं. पण अरेबिकाचं खोड पोखरणारा भुंगेरा उन्हातल्या झाडांवर जास्त पडतो, म्हणजे सावली हे औषधही आहे. मिरीचे पैसे वेगळे.

पण नुसता ‘सावलीतली कॉफी’ असा शिक्का बघून खूश होऊ नका. सावली कुणाची, ते विचारा. कोडगूत जुनी स्थानिक झाडं जाऊन तिथे सिल्व्हर ओक लागलेत. हे ऑस्ट्रेलियातून आलेलं, सरळ आणि भराभर वाढणारं झाड. कारण साधं आहे: स्थानिक झाड तोडायला परवानग्यांची कटकट, सिल्व्हर ओक मोकळेपणाने तोडता-विकता येतो. शेतकऱ्याला दोष कसा द्यायचा? आपल्याकडे उसाच्या बांधावर किती झाडं उरलीत, मोजून बघा. आणि आता बाजारही विचारायला लागलाय. युरोपीय संघाने २०२३ मध्ये कायदा केला, की ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरची कॉफी तिथे विकता येणार नाही. अंमलबजावणी पुढे ढकलली जातेय, पण आपली कॉफी सर्वात जास्त इटलीला जाते, त्यामुळे बागेचा नकाशा दाखवायची वेळ छोट्या शेतकऱ्यावरही येणार. भारतातले जवळपास सगळे कॉफीवाले छोटेच आहेत.

मग पैशांचा हिशोब. तो आपणच करू. मॉलमधला कप दोनशे रुपये. त्यात भाजलेली कॉफी साधारण १८ ग्रॅम. भाजताना वजन घटतं, म्हणजे कच्ची २२ ग्रॅम धरा. शेतकऱ्याला किलोला अगदी ५०० रुपये मिळाले असं समजा. झाले ११ रुपये. दोनशेतले अकरा! बाकीच्यात भाडं, दूध, पगार, वीज सगळं आहे, मान्य. तरी आकडा ऐकून गच्चीवर जरा शांतता झाली. दरवर्षी पपईच्या दरावरून व्यापारी आणि शेतकऱ्यांच्या बैठका बघणारी पोरं होती ती. कुणाच्या तरी बापाच्या शेतात तेव्हा तोडणी चालू होती.

धडगावकडची एक मैत्रीण आली होती. तिने सरळ विचारलं, ‘आमच्या डोंगरात लागेल का कॉफी?’

प्रश्न भाबडा नाही. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती चिखलदऱ्याला, मेळघाटात. तोही सातपुडाच, आपल्या तोरणमाळसारखाच. चिखलदऱ्याची उंची १११८ मीटर, तोरणमाळही त्याच जोडीचं. अराकूचं उदाहरण तर आणखी जवळचं. पूर्व घाटातले आदिवासी शेतकरी, डोंगरउतारावर जंगल जाळून फिरती शेती करणारे. तिथे कॉफी आणि सावलीची झाडं लागली, २०१७ मध्ये अराकूच्या नावाने थेट पॅरिसमध्ये दुकान उघडलं आणि २०१९ मध्ये तिथल्या अरेबिकाला जीआय मिळाला. स्वप्न बघायला एवढं पुरे.

दादाने स्वप्नावर पाणी ओतलं, आणि बरं केलं. उंचीने भागत नाही. अरेबिकाला वर्षाला १६०० ते २५०० मिलिमीटर पाऊस लागतो आणि त्यातली एक सर मार्च-एप्रिलमध्ये हवी, कारण त्या पावसानेच कळ्या फुलतात. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये काय असतं, तुम्हाला माहीत आहे. शिवाय रोप लावल्यावर पहिलं पीक तीन-चार वर्षांनी. तोवर घर कशावर चालणार? अराकूतही हे एकट्या शेतकऱ्याच्या जिवावर झालेलं नाही, मागे सरकारी योजना आणि संस्था वर्षानुवर्षं उभ्या होत्या. ज्याला हे खरंच करून बघायचंय त्याने रोपं विकत घेण्याआधी कॉफी बोर्डाला पत्र लिहावं. १९४२ च्या कायद्याने बनलेलं हे मंडळ बंगळूरला आहे आणि त्यांचं संशोधन केंद्र चिकमगळूर जिल्ह्यात बाळेहोन्नूरला १९२५ पासून चालू आहे. यूट्यूबवरचा ‘एकरी दहा लाख’वाला व्हिडिओ बघून मात्र एकही रोप लावू नका.

मैत्रीण थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘कॉफी राहू दे. आमच्याकडे आंबा आहे, मोह आहे. आमचूर घ्यायला व्यापारी येतो तेव्हा चाखतसुद्धा नाही, नुसता रंग बघतो आणि भाव सांगतो. कोणत्या गावाचं, कोणत्या झाडाचं, कसं वाळवलेलं, काही नाही. त्याचं असं चार वाट्यांत का नाही करायचं?’

दादाकडे याला उत्तर नव्हतं, पण काटा होता. आमचूर किती ग्रॅम आणि पाणी किती, यावरून तिथेच अर्धा तास वाद झाला. शेवटी दोन ग्रॅमला शंभर मिली, कोमट पाणी, मीठ अजिबात नाही, असं ठरलंय. पुढच्या बैठकीला ती तीन वेगवेगळ्या पाड्यांवरचं आमचूर आणणार आहे, चौथं नमुन्याला दुकानातलं. यायचं असेल तर या. वाटी आणि चमचा आपापला आणा, आणि सर्दी असेल तर येऊ नका.