मत यवतमाळचे, नेमणूक सरकारची
(लेखमाला – वऱ्हाडचे आमदार : भाग ६)

१९२० च्या दशकात दारव्ह्याचा किंवा वणीचा एखादा खातेदार मध्यप्रांताच्या कौन्सिलच्या (कायदेमंडळाच्या) निवडणुकीत मत टाकून घरी परतला, की त्या मताचे पुढे काय होई, हे आज सांगितले तर पटकन पटणार नाही. उमेदवार उभे राहत, प्रचार होई, मते मोजली जात, जिंकणाऱ्याचे नावही जाहीर होई. पण तेवढ्याने तो नागपूरच्या कौन्सिलचा सभासद होत नसे. त्याचे नाव सरकारकडे जाई आणि सरकार त्याला कौन्सिलवर नेमी. म्हणजे वर्धा नदीपलीकडचा चांद्याचा सभासद लोकनियुक्त आणि अलीकडचा यवतमाळचा सभासद, कायद्याच्या भाषेत, सरकारनियुक्त. दोघेही निवडणूक लढवूनच आलेले, बसायचे एकाच सभागृहात.

याचे मूळ हैदराबादेत होते. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले ते फौजेच्या खर्चापोटी; मालकी सोडली नव्हती. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने वर्षाला २५ लाख रुपये ठरवून तोच मुलूख कायमच्या पट्ट्याने घेतला आणि पुढच्याच वर्षी तो मध्यप्रांताच्या कारभाराला जोडला. यवतमाळ जिल्हा हे नावही त्याच उलथापालथीतले. त्याआधी हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. १९०५ मध्ये वाशीम जिल्हा मोडला, पुसद तालुका इकडे आला आणि जिल्ह्याने यवतमाळचे नाव घेतले. कारभार इंग्रजांचा, महसूल इंग्रजांचा, पण सार्वभौमत्व निजामाचे. त्यामुळे वऱ्हाडी माणूस ब्रिटिश हिंदुस्थानचा रहिवासी धरला जात नव्हता. परक्या मुलखातल्या मतदाराने ब्रिटिश कायदेमंडळाचा सभासद निवडायचा कसा? मग ही युक्ती काढली : निवडा तुम्ही, नेमतो आम्ही. १९१४ मध्ये भरलेल्या मध्यप्रांताच्या पहिल्या कौन्सिलातही वऱ्हाडच्या मंडळींना याच दाराने आत यावे लागले होते आणि १९१९ च्या सुधारणांनंतरही दार बदलले नाही.

हा प्रकार नुसता कागदोपत्री होता असे म्हणून सोडून देता येत नाही. नागपुरात एखादा कायदा मंजूर झाला तरी तो वऱ्हाडात आपोआप चालत नसे. त्यासाठी गव्हर्नर जनरलची वेगळी अधिसूचना लागे. शिवाय जमिनीची व्यवस्थाच निराळी. मध्यप्रांतात मालगुजारी (सारा मालगुजारामार्फत), वऱ्हाडात रयतवारी (सारा थेट शेतकऱ्याकडून). मालगुजार आणि कुळे यांच्या भांडणावर कौन्सिलात तासन्‌तास खल चाले, तेव्हा यवतमाळच्या सभासदाला त्यात आपल्या मतदारासाठी काही सापडणे कठीणच होते. त्याच्या मतदाराचा प्रश्न कापसाचा भाव आणि सरकारी सारा. वऱ्हाडच्या कापसाचा पैसा मध्यप्रांतावर खर्च होतो, ही तक्रार तेव्हापासूनची. आजची विदर्भाच्या अनुशेषाची भाषणे ऐकताना पुष्कळांना ही तक्रार अलीकडची वाटते. तिची शंभरी केव्हाच उलटली आहे.

मतदार तरी किती होते? शेतसारा, कर, मालमत्ता अशा अटींच्या चाळणीतून शेकड्यामागे जेमतेम दोन-तीन माणसे उरत. शेतमजूर, कोलाम, गोंड आणि तांड्यावरचा बंजारा बहुधा चाळणीबाहेरच राही.

तरीही त्या तोकड्या सभागृहाने एकदा इंग्रजांना चांगलाच घाम फोडला. १९२३ च्या निवडणुकीत, कौन्सिलात शिरून सरकारला अडवू पाहणाऱ्या स्वराज्य पक्षाने मध्यप्रांतात बहुमत मिळवले आणि पुढच्या वर्षी मंत्र्यांवर अविश्वासाचा ठराव करून त्यांचा पगार वर्षाला दोन रुपयांवर आणला. काही खाती मंत्र्यांकडे आणि बाकीची गव्हर्नरकडे, अशी दुहेरी राज्यपद्धती बंद पडली, मंत्र्यांची खाती गव्हर्नरने आपल्या हाती घेतली. पुढे ऑक्टोबर १९२५ मध्ये गंमत झाली. ज्या स्वराज्य पक्षाने सरकारी पदे घ्यायची नाहीत अशी शपथ वाहिली, त्याच पक्षाचे, अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे, तेव्हा कौन्सिलचे अध्यक्ष, गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळात जाऊन बसले. पक्षाचे नेते मोतीलाल नेहरू संतापले. त्याच पक्षातल्या केळकर, जयकर आणि मुंजे यांनी प्रतियोगी सहकारितेचा, म्हणजे सरकारी पदे घेऊन आतून लढण्याचा, झेंडा वर काढला. यवतमाळचे बापूजी अणे त्यांच्याच बाजूला उभे राहिले.

बापूजी, म्हणजे माधव श्रीहरी अणे, मूळचे वणीचे, जन्म १८८० चा, वकिली यवतमाळला. त्यांचे मुख्य सभागृह दिल्लीचे. मध्यवर्ती असेंब्लीत वऱ्हाडला एकच जागा होती आणि तिथेही तीच कथा : मतदारांनी निवडायचे, सरकारने नेमायचे. टिळकांच्या मुशीत घडलेला हा माणूस असेंब्लीच्या दप्तरात नियुक्त सभासदांच्या रकान्यात मोडत होता. त्याच अण्यांनी १० जुलै १९३० रोजी पुसदला राखीव जंगलातले गवत कापून जंगल सत्याग्रह सुरू केला आणि तुरुंगवास पत्करला. सरकारी नेमणुकीचा याहून झकास उपयोग कोणी केल्याचे मला तरी आठवत नाही.

१९३५ च्या कायद्याने ही कसरत संपवली. ऑक्टोबर १९३६ मध्ये निजामाशी नवा करार झाला. त्याचे सार्वभौमत्व मान्य करून, त्याच्या थोरल्या मुलाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी देऊन, मध्यप्रांत व वऱ्हाड हा एकच प्रांत मानायचे ठरले. मतदारांची संख्याही बरीच वाढली. १९३७ च्या विधानसभेत ११२ जागा होत्या, काँग्रेसला स्पष्ट बहुमत मिळाले. यवतमाळचे सभासद आता इतरांसारखेच निवडून आलेले. उपाध्यक्षपदी नागपूरच्या अनसूयाबाई काळे होत्या. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

सभागृह एक झाले, पण प्रांत एक झाला का? वर्षभरातच त्याचे उत्तर मिळाले. डॉ. ना. भा. खरे पंतप्रधान होते (तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधानच म्हणत). त्यांच्या मंत्रिमंडळात वऱ्हाडचे रामराव देशमुख आणि पु. ब. गोळे एका बाजूला, तर महाकोशलचे, म्हणजे प्रांताच्या हिंदी भागाचे, रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि मेहता दुसऱ्या बाजूला. जुलै १९३८ मध्ये खऱ्यांनी राजीनामा दिला, देशमुख आणि गोळ्यांनीही दिला. महाकोशलच्या तिघांनी पक्षश्रेष्ठींचा हुकूम नाही म्हणून नकार दिला. गव्हर्नर वायलीने रातोरात त्या तिघांना बडतर्फ केले आणि खऱ्यांनी नवे मंत्रिमंडळ बनवले. ते टिकले दोन-तीन दिवस. वर्ध्यात काँग्रेसच्या वरिष्ठांनी खऱ्यांना पुन्हा राजीनामा द्यायला लावला आणि शुक्ल पंतप्रधान झाले. खऱ्यांनी गव्हर्नरशी संधान बांधले हे चुकलेच. पण भांडण शिस्तीचे होते असे जे पुढे सांगितले गेले ते अर्धेच खरे. त्या प्रांतात हिंदी जिल्हे जास्त, मराठी कमी, आणि मराठी सभासदांना ही बेरीज रोज जाणवत होती.

म्हणूनच त्यानंतर दोन-अडीच महिन्यांत, १ ऑक्टोबर १९३८ रोजी, मंत्रिपद गमावलेल्या रामराव देशमुखांनी मराठी जिल्ह्यांच्या, म्हणजे महाविदर्भाच्या, वेगळ्या प्रांताचा ठराव मांडला आणि विधानसभेने तो मंजूर केला. हिंदी सभासदांनीही अडवला नाही. त्यांनाही सुटायचेच असावे! पुढच्या वर्षी युद्ध आले, मंत्रिमंडळे गेली आणि ठराव दप्तरात पडला.

१९५२ ची पहिली प्रौढ मतदानाची निवडणूक यवतमाळने लढवली ती मध्य प्रदेशाच्या विधानसभेसाठी. चाळणी गेली होती आणि तांडे मतदान केंद्रावर आले. पुसदहून वसंतराव नाईक निवडून गेले. गहुलीचे, बंजारा समाजाचे, पुसदमध्ये वकिली करून नगराध्यक्ष झालेले. मुख्यमंत्री शुक्लांनी त्यांना महसूल खात्याचे उपमंत्री केले. १ नोव्हेंबर १९५६ ला आठ मराठी जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि नाईकही मुंबईला गेले. १९६० नंतर महाराष्ट्रात महसूलमंत्री, ५ डिसेंबर १९६३ पासून मुख्यमंत्री, आणि तेही अकरा वर्षांहून जास्त. राज्य बदलले की मागल्या राज्यातले नेते बहुधा मागल्या रांगेत जातात. नाईक प्रत्येक वेळी पुढच्या रांगेत सरकले. मतदारसंघ मात्र कायम पुसदच. नंतर पुतणे सुधाकरराव त्याच पुसदचे मुख्यमंत्री झाले.

पण त्याच जिल्ह्याने दुसरा नमुनाही दिला. १९६२ मध्ये यवतमाळमधून निवडून आलेले जांबुवंतराव धोटे १९६४ मध्ये विधानसभेत बोलू न दिल्याच्या रागात अध्यक्ष बाळासाहेब भारदे यांच्या दिशेने पेपरवेट फेकून मोकळे झाले. सभागृहाने त्यांचे सदस्यत्व काढून घेतले. यवतमाळच्या मतदारांनी पोटनिवडणुकीत त्यांनाच परत पाठवले. मुख्यमंत्रिपदी पुसदचे नाईक, आणि सभागृहाबाहेर काढलेला आमदार यवतमाळचा, हा देखावा एकाच जिल्ह्याने एकाच काळात दाखवला. पेपरवेट फेकणे समर्थनीय नाही. तरी त्याबद्दल मतदार रागावले नाहीत, याचा विचार मुंबईत फारसा झाला नाही.

आता अनसूयाबाई. १९५२ पासून त्या नागपूरच्या खासदार होत्या. त्यांच्या निधनानंतर १९५९ च्या पोटनिवडणुकीत ती जागा बापूजी अण्यांनी जिंकली, वयाच्या ऐंशीच्या उंबरठ्यावर, आणि १९६२ मध्ये वेगळ्या विदर्भाच्या मुद्द्यावर पुन्हा जिंकली. १९७१ च्या इंदिरा लाटेत नागपूरने काँग्रेसला डावलून निवडले ते धोट्यांना, त्याच मुद्द्यावर. अणे १९४७ पर्यंत सिंहलद्वीपात (आजच्या श्रीलंकेत) हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी होते, नंतर बिहारचे राज्यपाल; धोट्यांचा सगळा राजकीय संसार रस्त्यावरचा. दोघांचे जमले असते असे वाटत नाही.

पुढच्या भागात १९५३ चा नागपूर करार आणि नागपुरात भरणाऱ्या हिवाळी अधिवेशनाचा हिशेब.