कुत्र्यातील पट्टकृमी आणि पिसवेची अळी

कुत्र्याला जंताचे औषध दिले, काही दिवस बरे गेले आणि महिन्याभरात विष्ठेवर पुन्हा तांदळासारखे दाणे दिसू लागले, अशी तक्रार शेतकरी बांधवांकडून वारंवार ऐकावयास मिळते. औषध निकृष्ट होते असा निष्कर्ष काढून मग कोणी मात्रा वाढवतो, तर कोणी दुकान बदलतो. वस्तुतः बहुतेक प्रसंगी औषधाने आपले काम चोख बजावलेले असते. दिसणारे दाणे हे जुन्या जंताचे नसून नव्याने आलेल्या जंताचे असतात, आणि हा नवा जंत कुत्र्याच्या अंगावरील पिसवांमार्फत पोटात शिरलेला असतो. त्यामुळे उपचार पशुवैद्यकाचा असला, तरी या प्रश्नाचा निम्मा भाग कीटकशास्त्राच्या कक्षेत येतो.

या पट्टकृमीचे शास्त्रीय नाव डायपिलिडियम कॅनिनम. कुत्र्याच्या लहान आतड्यात डोके रुतवून राहणारा हा चपटा कृमी सुमारे अर्धा मीटरपर्यंत वाढतो. त्याच्या प्रत्येक खंडाला दोन्ही बाजूंस एकेक जननछिद्र असते. ‘दोन दारांचा’ या अर्थाचे प्रजातीनाम त्यावरूनच आले आहे. शेपटाकडील पक्व खंड सुटून विष्ठेबरोबर बाहेर पडतात किंवा स्वतः सरपटत गुदद्वारातून बाहेर येतात. ताजे असताना ते काकडीच्या बीसारखे दिसतात व हलतात. वाळल्यावर तांदळाच्या कणीसारखे होतात. या खंडांत अंडी सुटी नसतात, तर पुंजक्यांनी बांधलेली असतात. म्हणून विष्ठेच्या सूक्ष्मदर्शकीय तपासणीत ती अनेकदा सापडत नाहीत. अहवाल निर्दोष आला तरी शेपटीखाली किंवा अंथरुणावर दाणे दिसत असतील, तर डोळ्यांना दिसणारा पुरावाच ग्राह्य धरावा.

अळीने गिळलेले अंडे

प्रौढ पिसवेची मुखांगे टोचून रक्त शोषण्यासाठी घडलेली असतात. पट्टकृमीचे अंडे गिळणे तिला शक्यच नसते. तिच्या अळीचे तसे नाही. पिसवेची अंडी गुळगुळीत असतात व कुत्र्याच्या केसांवरून घरंगळून तो जेथे झोपतो तेथे पडतात. त्यांतून निघालेली पांढुरकी, पाय नसलेली अळी चावून खाणारी असते. प्रौढ पिसवांनी टाकलेली वाळक्या रक्ताची विष्ठा हे तिचे मुख्य अन्न. त्याच धुळीत फुटलेल्या पट्टकृमीच्या खंडातील अंडीही ती खाते. अंड्यातून सुटलेला भ्रूण अळीची आंत्रभित्ती भेदून देहगुहेत उतरतो, अळीबरोबर कोषात जातो आणि प्रौढ पिसू यजमानाच्या उबदार अंगावर पोहोचल्यानंतर त्याची वाढ पूर्ण होते. खाज सुटली की कुत्रा दातांनी अंग कुरतडतो व पिसू गिळतो. तेथून दोन-तीन आठवड्यांत पक्व खंड पुन्हा विष्ठेत दिसू लागतात. औषधानंतरचा ‘महिना’ येतो तो या हिशेबाने.

कुत्र्याला चावणारी प्रत्येक गोष्ट मात्र दोषी नव्हे. गोचीड या पट्टकृमीचा प्रसार करीत नाही. तिचे रोग वेगळे. केस व त्वचेचे कण चघळणारी कुत्र्याची ऊ मात्र करते. किंबहुना या कृमीची मध्यावस्था प्रथम उवेतच दिसली, १८६९ साली. पिसवेची भूमिका त्यानंतर उलगडली.

लहान मुलांनाही या कृमीची बाधा होऊ शकते. कुत्र्याशी खेळताना पिसू तोंडात गेली, तरच ती होते. विष्ठेतील अंड्यांपासून थेट होत नाही. मुलाच्या शौचात हलणारे दाणे दिसले की ते नेहमीचे जंत समजून त्यांवरील औषध दिले जाते व त्याने हा कृमी हटत नाही. अशा वेळी घरात कुत्रा आहे, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

कुत्र्याइतकीच त्याची जागा महत्त्वाची

पट्टकृमीवर प्राझिक्वांटेल हे प्रभावी औषध आहे. कुत्र्याचे वजन पाहून पशुवैद्यक मात्रा ठरवितात. परंतु ते औषध शरीरात टिकून राहत नाही. आज दिले आणि आठवड्याने कुत्र्याने बाधित पिसू गिळली, तर त्याचा काहीही उपयोग नाही. जनावरांसाठी आणलेले आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन कुत्र्यालाही टोचण्याची प्रथा काही ठिकाणी दिसते. पट्टकृमीवर ते निष्प्रभ आहे आणि कोलीसारख्या काही मेंढपाळ जातींत घातकही ठरू शकते. जंतासाठी लसूण चारणेही टाळावे. त्याने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींना इजा पोहोचते.

अंगावर दिसणाऱ्या पिसवा हा एकूण संख्येचा अल्पांश असतो. अंडी, अळ्या व कोष अंथरुणात, जमिनीच्या भेगांत आणि गोठ्याच्या कोपऱ्यांत असतात. पिसवा आहेत की नाहीत, याविषयी शंका असल्यास कुत्र्याचे केस पांढऱ्या ओल्या कागदावर विंचरावेत. गळलेले काळे कण तांबूस विरघळले, तर ती पिसवांची विष्ठा होय. अळी उजेड टाळते व कोरडेपणा सहन करू शकत नाही. हवेतील आर्द्रता पन्नास टक्क्यांखाली गेली की ती मरते. मारवाडातील वैशाखात पिसवांचा जोर ओसरतो, तर कोकण, केरळ किंवा बंगालच्या दमट हवेत तो वर्षभर टिकू शकतो, त्याचे कारण हेच. म्हणून कुत्र्याच्या झोपण्याची जागा झाडता येईल अशी, कोरडी व शक्यतो उन्हाची असावी. गोणपाट किंवा घोंगडी दर आठवड्यास कढत पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावी.

कोष ही या साखळीतील सर्वांत चिवट कडी आहे. अळी रेशमी चिकट धाग्यांचा कोष विणते. त्याला धूळ चिकटून तो दिसेनासा होतो व कीटकनाशक त्यात फारसे शिरत नाही. आतील पिसू कित्येक महिने निश्चल राहू शकते आणि पावलांचा कंप, ऊब किंवा श्वासातील कार्बन डायऑक्साइड जाणवताच बाहेर पडते. बंद घर उघडताच पिसवा अंगावर उडतात, ते यामुळेच. उपचारानंतर काही आठवडे नव्या पिसवा दिसत राहिल्या, तर औषध निकामी झाले असे समजू नये. घरातील सर्व कुत्र्यामांजरांवर एकाच वेळी आणि सलग किमान तीन महिने उपाय चालू ठेवावा. परमेथ्रिन असलेले कुत्र्यांचे औषध मांजराला मात्र कदापि लावू नये. ते जीवघेणे ठरते.

शेतीशी संबंधित वाचकांना एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. पिसवांवरील कित्येक औषधांत फिप्रोनिल वा इमिडाक्लोप्रिड असते आणि हीच नावे शेतातील बाटल्यांवरही आढळतात. ‘औषध एकच, मग महागडी नळी कशाला?’ हा युक्तिवाद वरवर पटण्याजोगा आहे, पण चुकीचा आहे. रेणू एक असला तरी द्रावक व अन्य घटक पिकासाठी निवडलेले असतात, आणि मानेवर मोजके थेंब टाकणे व अंगभर फवारणे यांत मात्रेचा मोठा फरक पडतो. शिवाय कुत्रा ते चाटतो. क्लोरपायरिफॉससारख्या सेंद्रिय फॉस्फरस कीटकनाशकाची विषबाधा झाल्यास लाळ गळणे, स्नायू थरथरणे, बाहुल्या आकसणे व श्वास कोंडणे ही लक्षणे दिसतात. असे काही लावले गेले असल्यास बाटलीसह तत्काळ पशुवैद्यकाकडे जावे.

पिल्लांचे जंत वेगळे. गोलकृमीच्या अळ्या आईच्या पोटातच पिल्लाकडे जातात, तर अंकुशकृमीच्या अळ्या दुधातून. त्यामुळे पिल्लांना दुसऱ्या आठवड्यापासूनच जंतनाशक सुरू करावे लागते. तेथे पिसवांचा संबंध नाही.

मेंढपाळांनी आणखी एका पट्टकृमीची दखल घ्यावी. एकायनोकॉकस हा कृमी जेमतेम काही मिलिमीटर लांबीचा असल्याने कुत्र्याच्या विष्ठेत तो नजरेस पडत नाही. मात्र त्याची अंडी माणसाच्या पोटात गेल्यास यकृतात वा फुप्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी वाढतात व शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. कुत्र्याला हा कृमी होतो तो अशाच गाठी असलेले मेंढीचे कच्चे यकृत किंवा फुप्फुस खाल्ल्याने. कापलेल्या वा मेलेल्या जनावराचे असे अवयव कुत्र्यापुढे न टाकता तो उकरू शकणार नाही इतके खोल पुरावेत.