तातडीचे पारपत्र : समज आणि गैरसमज

एखाद्या गोष्टीची गरज पडल्याशिवाय तिची चौकशी करायची नाही, असा आपल्याकडे एक रिवाजच आहे. पासपोर्ट, अर्थात पारपत्र, ही त्यांतलीच एक गोष्ट. माझ्या रत्नागिरीकडच्या चुलतभावाला, दादाला, ज्या एका कागदाने घरी आणले त्याच कागदाने त्याची नोकरी घालवली, असे आम्ही बरेच दिवस म्हणत होतो. पुढे कायदा वाचायला घेतला तेव्हा कळले की दोष कागदाचा नव्हता, आमच्या अज्ञानाचा होता. तेच अज्ञान इतरांच्या वाट्याला येऊ नये, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

दादा दुबईत वातानुकूलन यंत्रे दुरुस्त करण्याचे काम करी. तात्यांची, म्हणजे त्याच्या वडिलांची, प्रकृती अत्यवस्थ असल्याचा फोन गेला. त्याच आठवड्यात खोली बदलण्याच्या गडबडीत त्याचा पासपोर्ट हरवला होता. त्याने पोलिसांत तक्रार नोंदवली आणि तिची प्रत, जुन्या पासपोर्टची झेरॉक्स व फोटो घेऊन आपल्या वकिलातीचे कार्यालय गाठले. तिथे त्याच्यापुढे दोन वाटा होत्या. हरवलेल्याच्या बदली नवा पासपोर्ट घ्यायचा, म्हणजे भारतातून पडताळणी येईपर्यंत थांबणे आले. नाहीतर 'इमर्जन्सी सर्टिफिकेट' घेऊन लगेच निघायचे. त्याने दुसरी वाट धरली. तात्या गेले त्याच्या आदल्या दिवशी तो घरी पोचला. बापलेकांची भेट झाली.

तेराव्यानंतर दादा म्हणाला, "सोमवारचं तिकीट बघ." मी झेरॉक्स पुढे घेऊन वाचू लागलो, आणि तेव्हा कुठे आमच्या ध्यानात आले की तो कागद भारतात येण्यापुरता, एकाच फेरीचा होता. त्यावर परत जाता येत नव्हते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. भारताचा पासपोर्ट कायदा १९६७ चा. त्याची जन्मकथाही बोधप्रद आहे. त्यापूर्वी पासपोर्ट द्यावा की न द्यावा हे सरकारच्या मर्जीवर असे. त्याविषयी नियम सांगणारा कायदाच नव्हता. एप्रिल १९६७ मध्ये सतवंत सिंग साहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने निर्णय दिला की परदेशी जाण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमातील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, आणि कायद्यावाचून तो हिरावून घेता येत नाही. त्यामुळे सरकारला घाईने अध्यादेश काढावा लागला, आणि जूनमध्ये कायदा झाला.

या कायद्याचे चौथे कलम आपल्या विषयाचे मूळ आहे. त्यात पासपोर्टचे तीन प्रकार सांगितले आहेत : साधा, कार्यालयीन आणि राजनैतिक. त्यानंतर 'प्रवासाची कागदपत्रे' असा वेगळा वर्ग येतो. त्यात पहिले आहे इमर्जन्सी सर्टिफिकेट, म्हणजे भारतात प्रवेश करण्यापुरते दिलेले प्रमाणपत्र. दुसरे आहे ओळखपत्र, सर्टिफिकेट ऑफ आयडेंटिटी. तेव्हा ज्याला आपण बोलण्याच्या ओघात 'तातडीचा पासपोर्ट' म्हणतो तो कायद्याच्या दृष्टीने पासपोर्टच नव्हे. पासपोर्टमध्ये राष्ट्रपतींच्या नावाने जगातील सर्व संबंधितांना विनंती केलेली असते की, या व्यक्तीला बिनअडथळा जाऊ द्यावे. प्रमाणपत्राचा आवाका मात्र घरच्या उंबरठ्यापर्यंतच असतो. त्याचे नूतनीकरण होत नाही; घरी आल्यावर रीतसर नव्या पासपोर्टचा अर्ज करावा लागतो.

म्हणून ते कमी मोलाचे ठरत नाही. संयुक्त अरब अमिरातीने २०२४ च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुदत संपूनही राहिलेल्या परदेशी लोकांना दंडाशिवाय जाण्याची सवलत दिली, तेव्हा कागदपत्रे नसलेल्या कित्येक भारतीयांना याच प्रमाणपत्राने मायदेशी आणले.

ओळखपत्राचा इतिहास तर आपल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम पाहावा. रशियन राज्यक्रांतीनंतर लाखो लोक देशाला मुकले. त्यांच्यासाठी राष्ट्रसंघाचे आयुक्त फ्रिट्यॉफ नान्सेन यांनी १९२२ मध्ये प्रवासाचा एक कागद सुरू केला. तो 'नान्सेन पासपोर्ट' म्हणून प्रसिद्ध आहे. त्याच वर्षी नान्सेन यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडील तिबेटी निर्वासितांना परदेशी जाण्यासाठी भारत सरकार जे ओळखपत्र देते, ते याच कुळातले.

आता 'तात्पुरत्या' पासपोर्टविषयी. प्रौढाचा साधा पासपोर्ट दहा वर्षांचा असतो. लहान मुलांचा पाच वर्षांचा, किंवा अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंतचा, यांत जे आधी येईल ते. याहून कमी मुदतीचाही पासपोर्ट देता येतो, पण सातव्या कलमाप्रमाणे त्यासाठी एकतर अर्जदाराची मागणी हवी, नाहीतर अधिकाऱ्याने कारण लेखी कळवायला हवे. ज्याच्यावर फौजदारी खटला चालू आहे त्याला न्यायालयाच्या परवानगीने पासपोर्ट मिळू शकतो. परवानगीत मुदत लिहिलेली नसेल तर १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणे तो एक वर्षाचा असतो.

'तत्काळ' हा आणखी एक गैरसमजाचा शब्द. तत्काळ पासपोर्ट तात्पुरता नसतो. तो नेहमीचाच, फक्त जादा शुल्क भरून लवकर मिळतो. मात्र सगळीच प्रकरणे तत्काळमध्ये घेतली जात नाहीत. उदाहरणार्थ, परदेशातून हद्दपार झालेल्याला किंवा सरकारी खर्चाने परत आणलेल्याला ती सोय नाही.

'नूतनीकरण' हा शब्दही आता जुना झाला आहे. पूर्वी जुन्याच पुस्तिकेवर शिक्का मारून मुदत वाढवून मिळे. आता नवी पुस्तिका, नवा क्रमांक. त्याला 'पुन्हा देणे' म्हणतात. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून त्यासाठी अर्ज करता येतो, आणि तो करावाच. कारण पुष्कळ देश किमान सहा महिने मुदत शिल्लक असल्याशिवाय आत घेत नाहीत. पासपोर्टवर तारीख डिसेंबरची असली तरी व्यवहारात तो जूनमध्येच संपतो, असे समजावे.

दादाने पोलीस तक्रारीची प्रत आणि पासपोर्ट हरवल्याचे प्रतिज्ञापत्र जोडून अर्ज केला. पत्ता गावच्या घराचा दिला, आणि स्वतः कामाच्या शोधात मुंबईला बहिणीकडे जाऊन राहिला. पोलीस पडताळणीला आले तेव्हा घरात फक्त काकू. 'अर्जदार पत्त्यावर आढळला नाही' असा अहवाल गेला. पोलिसांनी पाहिले तेच लिहिले; जिथे राहतो तोच पत्ता द्यायचा, ही साधी गोष्ट आम्हांला ठाऊक नव्हती. पुन्हा अर्ज, पुन्हा पडताळणी. पासपोर्ट हातात पडला तेव्हा तिकडे त्याच्या जागी दुसरा माणूस लागला होता.

अर्ज नाकारला गेला तर काय? पाचव्या कलमाप्रमाणे कारणे लेखी नोंदवावी लागतात, आणि अकराव्या कलमाप्रमाणे अपील करता येते. पासपोर्ट जप्त करतानाही माणसाला आपली बाजू मांडण्याची संधी मिळाली पाहिजे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये मेनका गांधी यांच्या खटल्यात प्रस्थापित केले. राज्यशास्त्राच्या पुस्तकात आपण हा खटला परीक्षेपुरता वाचतो. दादाच्या अर्जानंतर मी तो दुसऱ्यांदा वाचला. आणखी एक : सतराव्या कलमानुसार पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता आहे. तेव्हा मालकाकडे वा दलालाकडे तो तारण ठेवण्याची वस्तू नव्हे.

विद्यार्थिमित्रहो, आपल्यापैकी कितीतरी जण उद्या शिक्षणासाठी, पोटासाठी बाहेर पडतील. पासपोर्टच्या पहिल्या व शेवटच्या पानांची झेरॉक्स दोन ठिकाणी, त्यांतली एक घरी, ठेवा. क्रमांक वहीत टिपून ठेवा. हरवला तर आधी पोलीस, मग वकिलात. आणि इमर्जन्सी सर्टिफिकेट घेण्याची वेळ आलीच तर परतीचे काय, हे तिथेच विचारून घ्या.

दादा हल्ली चिपळूणला दुरुस्तीचे दुकान चालवतो. परवा हा लेख लिहिण्यासाठी त्याच्याकडे जुने कागद मागितले, तेव्हा ती झेरॉक्स त्याने तात्यांच्या फोटोमागून काढून दिली. म्हणाला, "वापर, पण परत आणून दे."